वसई-साष्टीतील ग्रामचर्चांचे जतन : काही विचार व काही आक्षेप

वसईचा इतिहास लिहिणारे आमच्याकडील बहुतेक लेखक १७३९ च्या मे महिन्यात लेखणी खाली ठेवतात. मोर्चे लागले, सुरुंग उडाले, चिमाजी अप्पांशी तह झाला, फिरंगी गलबतांत बसून निघून गेले आणि इतिहास संपला, असा या लिखाणाचा एकंदर थाट असतो. शेवटच्या पानावर किल्ल्यातील एखाद्या पडक्या चर्चचे छायाचित्र छापिले म्हणजे या समाप्तीवर शिक्कामोर्तब होते. परंतु तटाबाहेर जी गावे होती, त्या गावांत जी चर्चे होती आणि त्या चर्चांत जे शेतकरी, माळी व कोळी दर रविवारी जात होते, त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारणारे थोडे. उत्तर सरळ आहे. ते जेथे होते तेथेच राहिले, आणि त्यांची चर्चेही राहिली. कित्येक पडली, कित्येक नव्याने उभारली गेली. पण सांडोर, नंदाखाल, पापडी, माणिकपूर, आगाशी, निर्मळ या गावांतील प्रार्थना आजही चालू आहे. या ग्रामचर्चांचे जतन कोणी केले, कसे केले, आणि त्यात आम्हां इतिहास-संशोधक म्हणविणारांनी कोणता वाटा उचलला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही चर्चे पोर्तुगीज अमदानीची, सबब ती पोर्तुगीजांच्या इतिहासाची साधने, मराठ्यांच्या इतिहासाशी त्यांचा संबंध त्यांच्या पाडावापुरताच, अशी एक समजूत रूढ आहे. ती कालगणनेच्या साध्या कसोटीलाही उतरत नाही. साष्टी बेट इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस घेतले. वसई १७८० साली त्यांच्या हाती गेली व सालबाईच्या तहान्वये १७८२ साली परत आली. पुढे पेशवाईच्या अखेरीपर्यंत ती मराठ्यांकडेच होती. म्हणजे मधली दोन वर्षे वजा जाता वसईकडील ग्रामचर्चे सुमारे पाऊणशे वर्षे मराठी राज्यात नांदली. १७३९ च्या तहातच, मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांस आपला धर्म चालविण्याची मोकळीक मान्य केलेली होती. पोर्तुगीज पाद्री गेल्यावर या गावांचा धर्मकारभार मुख्यतः गोमंतकीय पाद्र्यांनी पाहिला. खुद्द पुण्यात, वसईच्या विजयास पुरती साठ वर्षे झाली नाहीत तोच, १७९२ साली सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत पेशव्यांच्या चाकरीतील ख्रिस्ती लोकांसाठी चर्च बांधण्यास जमीन मिळाली. क्वार्टर गेटजवळचे ते चर्च पुणेकरांस परिचित आहे. तेव्हा वसईचे ग्रामचर्च हे मराठी राज्यातील एका रयतेच्या धर्मस्थानाचे उदाहरण आहे, आणि त्या दृष्टीने त्याकडे पाहणे हे आमचे काम होते. ते आम्ही केलेले नाही. सरदेसाईंनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात सिद्ध केले. त्यांत वसईच्या मोहिमेला स्वतंत्र खंड लाभला. य. न. केळकरांनी मोहिमेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मोहीम उजळली; मोहिमेनंतरचे गाव अंधारातच राहिले.

आता जतनाच्या मूळ प्रश्नाकडे वळू. 'जीर्णोद्धार' हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की, त्याचा अर्थ एकदा तपासून घेणे अवश्य आहे. उद् उपसर्गपूर्वक हृ धातूपासून 'उद्धार' शब्द होतो. त्याचा मूलार्थ वर काढणे, बुडत्यास बाहेर आणणे. जीर्णाचा उद्धार म्हणजे जे जीर्ण झाले त्यासच वर काढणे, हा व्युत्पत्तीने मिळणारा अर्थ. परंतु शास्त्राचा व्यवहार याहून निराळा आहे. अग्निपुराणातील जीर्णोद्धारविधीत भग्न मूर्तीचे काय करावे ते सांगितले आहे : लाकडी असेल तर अग्नीत द्यावी, पाषाणाची असेल तर जलात टाकावी, आणि तिच्या जागी त्याच प्रमाणाची व त्याच द्रव्याची नवी मूर्ती स्थापावी. म्हणजे शास्त्रकारांस वस्तूपेक्षा सातत्य मोठे वाटले. देवाचे सान्निध्य खंडित होऊ नये. दगड बदलला तरी चालेल. तथापि त्याच शास्त्राने प्रमाण व द्रव्य यांची अट घातली आहे, हे विसरता कामा नये. नवे तेही जुन्याशी मापाने व जातीने बांधलेले असावे, ही ती अट.

वसईच्या गावकऱ्याने अग्निपुराण वाचले नसेल; पण त्याने केले ते याच न्यायाने. छप्पर गळू लागले तेव्हा त्याने छप्पर बदलले. माणसे वाढली तेव्हा भिंत पुढे नेली. चर्च कोसळले तेव्हा त्याच जागी नवे बांधले. त्याच्या दृष्टीने चर्च एकच आहे आणि ते पहिल्या दिवसापासून चालू आहे. येथे आमचा पहिला आक्षेप येतो, पण तो गावकऱ्यावर नाही. त्याच्या वतीने लिहिणारांवर आहे. पापडीच्या चर्चचे स्थापनावर्ष १५७४ सांगतात, नंदाखालचे १५७३, सांडोरचे १५६६, माणिकपूरचे १६०६. ही वर्षे त्या त्या धर्मग्रामाच्या स्थापनेची आहेत. उत्सवाच्या स्मरणिकांतून व वृत्तपत्रांतून मात्र ती उभ्या इमारतीच्या वयाची म्हणून छापली जातात, आणि मग विसाव्या शतकातील सज्जास सोळाव्या शतकाचे कौतुक मिळते. पोथीच्या व्यवहारात हा प्रमाद कोणी खपवून घेणार नाही. ग्रंथ केव्हा रचला आणि समोरची प्रत केव्हा लिहिली, हे दोन प्रश्न भिन्न आहेत, हे हस्तलिखितांच्या संग्राहकास शिकवावे लागत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची म्हणून तिची प्रत्येक पोथी शके १२१२ ची ठरत नाही. इमारतीच्या बाबतीत मात्र तोच विवेक आपण सोडून देतो.

पोथीचा दृष्टान्त आम्ही सहज घेतलेला नाही. तो पुढे चालविला असता जतनाचा सारा प्रश्न उलगडतो, असे आमचे मत आहे. जुनी पोथी जीर्ण झाली की लेखक तिची नवी प्रत करी, आणि जुनी नदीत सोडी. त्यायोगे ग्रंथ टिकला, साधन बुडाले. लेखकास दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. त्याने नकलून ठेविले नसते तर ग्रंथच उरला नसता. पण त्याने काय बदलले, कोठे अक्षर लागले नाही, कोणती ओळ गाळली, याची नोंद केली असती तर आपले किती श्रम वाचले असते! भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी हाताळली आहे, त्यांस ठाऊक आहे की, तेथे त्याज्य ठरविलेला पाठही फेकून दिलेला नाही. वर संपादकाने स्वीकारलेला पाठ, खाली टाकलेले सर्व पाठ, कोणता कोणत्या पोथीत आहे याच्या खुणांसह. वाचकास संपादकाचा निर्णय मान्य नसला तर तो खाली पाहून स्वतः निर्णय करू शकतो. वास्तूच्या जीर्णोद्धारासही असेच तळटिपांचे पान हवे, एवढेच आमचे म्हणणे आहे. गावाने काय ठेवावे व काय बदलावे हा गावाचा अधिकार. काय बदलले हे लिहून ठेवावे, ही इतिहासाची मागणी.

या दृष्टीने उत्तर कोकणातील चर्चांच्या तीन अवस्था तपासून पाहाव्यात. पहिली वसईच्या किल्ल्यातील चर्चांची. येथे दगड राहिला, माणसे गेली. पोर्तुगीज कुटुंबे गेल्यावर ही चर्चे ओस पडली. छपरे गेली, वेद्या गेल्या. आज किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. पाटी आहे, कायदा आहे, पहारा आहे. हे संरक्षण अवश्यच आहे, आणि त्यावाचून उरले तेही उरले नसते. परंतु या भिंतींवर व फरशांवर जे लेख होते त्यांचे खरे जतन पाटीने केले नाही. ते केले डॉ. गर्सन द कुन्या यांनी, ज्यांचा चौल व वसई येथील पुरावशेषांवरील ग्रंथ १८७६ साली मुंबईस प्रसिद्ध झाला. त्यांनी लेख उतरून घेतले, अर्थ दिले. त्यानंतर शिळा झिजली किंवा हलली तरी लेखाचे वाचन हाती राहते. एका माणसाच्या वहीने जे साधले ते तटबंदीला साधले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी अवस्था साष्टीतील मरोळ गावची. तेथे जेज्विट पाद्र्यांनी १५७९ साली संत जॉनचे चर्च बांधिले. १८४० च्या सुमारास साथीचा रोग आला, आणि गावकऱ्यांनी ती वस्ती व ते चर्च सोडले. जाताना त्यांनी बाप्तिस्म्याचे कुंड, वेद्या व मूर्ती बरोबर नेल्या आणि नव्या ठिकाणच्या चर्चात त्या बसविल्या. जुने चर्च रानात राहिले. पुढे ते रान औद्योगिक विकासाकडे गेले, आणि १९७३ साली स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यात-वसाहतीच्या कुंपणात ते भग्न चर्च सापडले. भोवती कारखाने व संगणकाच्या कचेऱ्या, मध्ये बिनछपराच्या भिंती व चर्चचा दर्शनी भाग. या कुंपणात वाटेल त्यास जाता येत नाही. तरीही मरोळकर गावकरी परवानगी काढून वर्षातून एकदा मे महिन्यात तेथे जमतात आणि उघड्या आकाशाखाली प्रार्थना करतात. आमच्या मते जतनाचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. गावाने वास्तू सोडली, पण तिच्यावरील हक्क सोडला नाही. आणि कुंड व मूर्ती बरोबर नेऊन धर्मग्रामाचे सातत्य राखले. मात्र येथेही संशोधकास एक काम उरते. नव्या चर्चातील कोणती वस्तू जुन्या चर्चातील, हे गावात तोंडी सांगितले जाते. सांगणारी पिढी गेली की ही यादी जाईल. वस्तूवार, मापांसह, सांगणाऱ्याचे नाव घालून ही यादी केली तर ती एका दिवसाचे काम आहे. न केली तर उद्या शंभर दिवसांनीही होणार नाही.

तिसरी अवस्था वसईच्या जिवंत ग्रामचर्चांची. येथे माणसे राहिली आणि दगड बदलत गेला. हीच अवस्था सर्वांत महत्त्वाची व सर्वांत दुर्लक्षित. सरकारी संरक्षणाच्या यादीत ती नाहीत, कारण ती वापरात आहेत. आणि वापरात आहेत म्हणूनच ती बदलतात. या बदलांतील एक तर साऱ्या जगभर एकाच वेळी झाला. व्हॅटिकनची दुसरी महासभा १९६२ ते १९६५ या काळात भरली. तिच्यानंतर उपासना लॅटिनऐवजी लोकभाषेत, म्हणजे येथे मराठीत, होऊ लागली, आणि वेदीकडे तोंड करून उभा राहणारा धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला. साहजिकच भिंतीस लागून असलेली जुनी वेदी मागे पडली आणि पुढे नवी आली. मराठी भाषेच्या दृष्टीने हा बदल आम्हांस आनंदाचाच वाटतो. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली राचोल येथे ख्रिस्तपुराण छापून ख्रिस्ती धर्माची कथा मराठी ओवीत आणली. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी मराठीस वेदीवर स्थान मिळाले. परंतु जुन्या लाकडी वेदीचे, तिच्या कोरीव खांबांचे, तिच्यावरील रंगाचे पुढे काय झाले, याची नोंद किती गावांनी केली असेल? येथे दुसरा आक्षेप आम्ही नम्रपणे नोंदवितो. धर्माने आज्ञा दिली ती उपासनेच्या रीतीविषयी; जुने सामान मोडीत काढण्याची आज्ञा कोणी दिली नव्हती.

एका गावचे (नाव देण्याचे प्रयोजन नाही) उदाहरण आमच्या पाहण्यात आले. चर्चच्या मागे नळाखाली कपडे धुण्यासाठी एक रुंद शिळा टाकलेली होती. ओणवे होऊन पाहता तिच्यावर पोर्तुगीज अक्षरे दिसली. सन कसाबसा लागला. ज्याच्या थडग्यावरची ती शिळा, त्याचे नाव घासून गेलेले होते. एका वृद्ध गृहस्थाने सांगितले की, चकचकीत लाद्या बसविण्यापूर्वी ती वेदीसमोरच्या जमिनीत होती, आणि त्याच्या लहानपणी वडील माणसे तीवर पाय देत नसत. लाद्या बसविणारांनी काही वाईट हेतूने ती काढली नव्हती. उंचसखल जमिनीवर म्हातारी माणसे अडखळत होती, म्हणून जमीन सारखी केली. हेतू चांगलाच होता. पण शिळा उचलण्यापूर्वी कोणी तीवर कागद ठेवून ठसा घेतला असता, तर एक नाव वाचले असते. ते काम करणारा माणूस गावात नव्हता; आणि ज्यांस ते काम येते ते आम्ही पुण्यात बसून मोहिमेच्या तारखांवर वाद घालीत होतो.

चुना व सिमेंट यांचा प्रश्नही याच सदरात येतो. जुन्या भिंती चुन्याच्या. चुना दमट हवा आत घेतो व बाहेर सोडतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत भिंत त्यामुळेच टिकते. तीवर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते, क्षार दगडात साचतात, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारी भिंत आतून भुगा होते. हे वाचून कोणी समजेल की, गावकऱ्यांनी तज्ज्ञांस विचारले असते तर असे झाले नसते. परंतु तज्ज्ञांचा इतिहासही निर्दोष नाही. जुन्या गोव्यातील बॉ जेझूस चर्च १६०५ साली पुरे झाले. त्याच्या जांभ्या दगडाच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. पोर्तुगीज अमलाच्या अखेरच्या काळात, १९५० नंतर, एका सरकारी वास्तुतज्ज्ञाने दगड उघडा दिसला म्हणजे वास्तू अधिक प्राचीन भासेल, या कल्पनेने तो गिलावा उतरविला. जांभा मऊ व सच्छिद्र. कोकणचा पाऊस त्यास सरळ लागू लागला. आज तो झिजत आहे, आणि गिलावा पुन्हा चढवावा की नाही यावर वाद चालला आहे. आपल्या आवडीचा प्राचीनपणा वास्तूवर लादणे हाही एक प्रक्षेपच होय. प्रक्षेप अडाणी लेखक करतो तसा पंडितही करतो. पंडिताचा ओळखणे अधिक कठीण, एवढाच भेद.

घंटांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण हा विषय महाराष्ट्रात फार लोकप्रिय आहे. वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी चर्चांतील घंटा आणून देवळांत टांगिल्या, हे सर्वश्रुत आहे. वाईजवळ मेणवली येथील घंटेवर १७०७ हा सन आहे; नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ आहे; भीमाशंकरची घंटाही प्रसिद्ध आहे. या घंटा देवळांनी अडीचशे वर्षांहून अधिक काळ जपल्या, हे निःसंशय भूषणावह आहे. कित्येक घंटांवरील क्रूस कोणी घासून टाकला नाही, याचेही कौतुक केले पाहिजे. पण घंटेवरील सन हा ती ओतल्याचा सन. ती कोणत्या चर्चात होती, कोणत्या साली व कोणी आणली, हे घंटा सांगत नाही. तरीही महाराष्ट्रातील हरएक फिरंगी घंटा चिमाजी अप्पांनी वसईच्या अमुक चर्चातून काढली, असे बेलाशक लिहिले जाते. येथे तिसरा आक्षेप. घंटेचा लेख, तिचे माप, तीवरील चिन्ह, आणि तिच्या आगमनाचा कागद, ही चार साधने एकत्र आली तरच विधान करावे. कागद नसेल तर 'परंपरा अशी आहे' एवढेच लिहावे. घंटांची एक समग्र यादी, सर्व लेखांच्या ठशांसह, सिद्ध झाली तर वसईच्या कित्येक गावांस आपल्या हरवलेल्या पानांचा मजकूर मिळण्याचा संभव आहे.

आता कागदांकडे येऊ. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हाच भाग अधिक जवळचा. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली विवाहांची नोंदवही ठेवण्याचा नियम केला. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या वह्या ठेवणे हे पुढे प्रत्येक धर्मग्रामाचे कर्तव्यच ठरले. एखाद्या गावात कोण जन्मला, कोणाचा विवाह कोणाशी झाला, साथीत किती मेले, कोण कोठून येऊन स्थायिक झाला, याचे इतके सलग साधन हिंदु गावात क्वचित मिळते. आपल्याकडे वतनदारांच्या वंशावळी मिळतात. कुळवाड्याची वंशावळ कोण ठेवतो? चर्चच्या वहीत मात्र वतनदार आणि कोळी एकाच ओळीत येतात. पण या वह्यांचा शोध घेणारास एक अडचण ध्यानी ठेविली पाहिजे. वसईची गावे धर्मशासनाच्या दृष्टीने दीर्घकाळ गोव्याकडे होती. १८८६ साली दमणचे धर्मप्रांत स्थापन झाले. १९२८ साली ते गोव्यात विलीन होऊन इकडील गावे मुंबईच्या महाधर्मप्रांतास जोडली गेली. आणि १९९८ साली वसईचे स्वतंत्र धर्मप्रांत निघून पापडीचे चर्च त्याचे मुख्य चर्च झाले. दर वेळी कचेरी बदलली. तेव्हा एका गावच्या कागदांचा माग काढावयाचा तर गाव, वसई, मुंबई व गोवा या चारही ठिकाणी विचारणा केली पाहिजे. एका ठिकाणी 'नाही' असे उत्तर आले म्हणून कागद नष्ट झाले असे ठरवू नये.

दुसरी अडचण भाषेची. मोडी वाचणारे पोर्तुगीज वाचीत नाहीत, आणि पोर्तुगीज वाचणारे मोडी वाचीत नाहीत. त्यामुळे १७३९ नंतरच्या गावाचे अर्धे दप्तर एकास अंध, उरलेले अर्धे दुसऱ्यास अंध. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी दोन्ही बाजूंची साधने वाचली, म्हणूनच पोर्तुगीज-मराठे संबंधांवरील त्यांचे काम आजही आधारभूत आहे. त्यांच्यामागे त्या वाटेने जाणारे फार थोडे निघाले.

येथे एक जुनी खोडही सांगितली पाहिजे, आणि ती आमच्याच वर्गाची आहे. संग्राहक गावी जातो, कागद पाहतो, आणि 'येथे वाळवी खाईल' असे सांगून ते घेऊन येतो. वाळवी खाते हे खरे. पण गावातून निघालेला कागद संग्राहकाच्या मृत्यूनंतर कोठे जातो, हेही आपण पाहिले आहे. चर्चची वही ही त्या गावची जिवंत वही आहे. लग्न ठरविताना ती आजही उघडली जाते. ती उचलून आणणे म्हणजे मूर्ती जतन करण्यासाठी देऊळ रिकामे करणे होय. वही गावात राहावी, तिचे प्रत्येक पान छायाचित्राने उतरवून घ्यावे, एक प्रत गावास व एक संस्थेस असावी, हाच मार्ग उचित.

कोणी विचारील की, वसईप्रांती पोर्तुगीजांनी देवळे पाडली, तीर्थे बंद केली, त्यांच्या चर्चांची एवढी काळजी हिंदु संशोधकाने का वाहावी? प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. तो अन्याय घडला, आणि त्याचे कागद प्रसिद्ध आहेत. विजयानंतर वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले, तेही त्याच इतिहासाचे पान आहे. परंतु आज निर्मळ गावी शंकराचार्यांचे मंदिर आणि होली क्रॉसचे चर्च दोन्ही आहेत, दोन्हींस यात्रा भरते, आणि दोन्हीकडे जाणारा बाजार एकच आहे. त्या गावचे ख्रिस्ती रहिवासी हे सामवेदी, वाडवळ, कोळी अशा येथल्याच समाजांतील आहेत. त्यांची बोली मराठीचीच एक शाखा आहे. गुन्हेगार गेला, घर राहिले, घरात राहणारे आपले आहेत. साधनाची जात पाहून त्याचे मोल ठरविणारा मनुष्य वकील असेल, संशोधक नव्हे. उलट, चर्चच्या पायात एखाद्या जुन्या देवळाची शिळा असेल तर तीही तेव्हाच सापडेल, जेव्हा गावकरी आम्हांस विश्वासाने पाया पाहू देतील. भांडणारास कोणी आपले घर उघडून दाखवीत नाही.

हा प्रश्न केवळ वसईचा नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या वारज्यात बसून आम्ही हे लिहितो ते मुठेकाठचे शेतकऱ्यांचे गाव होते. आता ते पुणे शहराचा भाग आहे. शेते गेली, बाह्यवळणाचा हमरस्ता आला, उंच इमारती आल्या. अशा गावांतून नवा पैसा आला की पहिला खर्च देवळावर होतो. जुन्या दगडावर तैलरंग चढतो, लाकडी मंडप जाऊन सिमेंटचा येतो, पादुका व वीरगळ पारामागे ढकलले जातात. भक्ती कमी झालेली नसते. उलट वाढलेली असते. पापडी असो वा वारजे, जतनाला खरा धोका अनास्थेपेक्षा आस्थेच्या घाईचा आहे. म्हणून उपायही आस्थेच्या मार्गानेच केला पाहिजे. निषेधाच्या ठरावांनी तो होणार नाही.

तो उपाय मोठा नाही. जीर्णोद्धाराचे काम निघाले की प्रथम वास्तूचे माप घेऊन साधा नकाशा करावा. प्रत्येक भिंतीचे व जमिनीचे छायाचित्र घ्यावे. जेथे अक्षर आहे तेथे ठसा घ्यावा, मग ते वाचता येवो अगर न येवो. वाचणारा पुढे मिळेल, ठसा पुढे मिळणार नाही. जी वस्तू काढली ती कोठे ठेवली, कोणी काढली, कोणत्या दिवशी, हे एका वहीत लिहावे, आणि ती वही बाप्तिस्म्याच्या वहीशेजारी ठेवावी. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरविण्यास जो खर्च येतो, त्याच्या दशांशात हे सर्व होते. गावात एक शिक्षक, एक धर्मगुरू आणि दोन उत्साही तरुण मिळाले म्हणजे माणसेही पुरतात.

आमच्यासारख्या संस्थांनी आपला वाटा उचलावा तो असा : एक मोडी जाणणारा व एक पोर्तुगीज जाणणारा, असे दोघे एकत्र गावी पाठवावेत, त्यांनी काही आणू नये, फक्त वाचून द्यावे. गाव जे वाचावयास देईल ते वाचावे, आणि वाचन प्रथम गावास द्यावे, मग त्रैमासिकास. पहिली खेप कोणत्या गावी न्यावयाची यावर वाद घालण्याचे कारण नाही. ज्या गावात येत्या पावसाळ्यापूर्वी जमिनीच्या लाद्या बदलावयाच्या आहेत, तेथे प्रथम जावे.